आठ महिने कच्ची हाडं दिली, एक दाढ गेली, आता काय देतो ते सांगतो

आमचा कुत्रा लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा, 31 किलो. आठ महिने झाले आठवड्यातून दोनदा कच्चं हाड देतोय. मागच्या महिन्यात त्याची वरची मोठी दाढ उभी फुटली, आतली नस उघडी पडली, भूल देऊन काढावी लागली. एक्स-रे, औषधं सगळं धरून साडेनऊ हजार गेले. आणि ते हाड मटणवाल्याने फुकट दिलेलं.

हाड कुठलं, तर नळी. आमच्याकडे रश्श्यातली नळी ज्याच्या ताटात पडते तो लाडका, म्हणून आई दर वेळी मटण शिजायला टाकायच्या आधी एक नळी त्याच्यासाठी बाजूला काढायची. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, टोकदार तुकडे पडून आतड्याला लागतात हे माहीत होतं, त्यामुळे ताटातलं हाड त्याला कधीच दिलं नाही. कच्चं म्हणजे सेफ एवढंच आमच्या डोक्यात. पण पायाच्या हाडांवर जनावराचं सगळं वजन असतं, ती कच्ची असली तरी दगडासारखीच. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटली नाही तर देऊ नका. घरी येऊन नळीवर दाबलं, नखच दुखलं! शिवाय आतला मगज नुसती चरबी, दोनदा जुलाब झाले तेव्हा आम्ही पावसाच्या पाण्याला दोष दिला. आणि नळीचे गोल तुकडे खालच्या जबड्यात बांगडीसारखे अडकतात ते वेगळंच. नळी देऊ नका, प्लीज, कितीही प्रेम असलं तरी.

त्या आठवड्यात हाडं कायमची बंद असंच ठरवलं होतं. पण बाकीच्या दाढांवरचा पिवळा थर खरंच कमी झालाय, डॉक्टरांनीही बघून तेच सांगितलं, आणि दुकानातल्या चघळायच्या काड्या मला महिन्याला परवडत नाहीत. म्हणून जखम भरल्यावर त्यांना विचारून परत सुरू केलं, पण आता बकऱ्याच्या सीन्याची (छातीची) पट्टी, मांसासकट, त्याच्या तोंडापेक्षा लांब. कोंबडीची मान मऊ असते पण आमचा न चावता गिळतो, एकदा घशात अडकून खोकला तेव्हापासून बंद.

पट्टी अख्खीच लागते आणि इथेच भांडण. मटणवाल्याचा हात सवयीने सत्तूरकडे जातो, दोन घावात बारीक तुकडे, प्रत्येकाला धार. तीन वेळा "दादा, तोडू नका" म्हणालो, तीन वेळा तोडूनच दिलं, चौथ्यांदा मी पैसे न देता परत आलो. आता तो आधी विचारतो.

बाकी, बाल्कनीत गोणपाटावर देतो, समोर बसून, पंधरा मिनिटं झाली की चिकनचा तुकडा दाखवून उरलेलं काढून घेतो. हिसकावत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्याने कच्च्या मांसातला साल्मोनेला हा जंतू मरत नाही, त्यामुळे गोणपाट गरम पाण्यात धुतो, हात साबणाने, आणि त्या दिवशी पुतणीला त्याच्याकडून तोंड चाटून घेऊ देत नाही. शी पांढरी, भुसभुशीत झाली की हाड जास्त झालंय, तो आठवडा सुट्टी.

दाढ काढलेल्या बाजूने तो अजून चावत नाही, पट्टी तोंडात फिरवून दुसऱ्या बाजूला नेतो. पंधरा दिवसांनी परत दाखवायला जायचंय.