1976 चा प्रिसिजन आणि गोटोचा ब्रिज: एक अख्खा सीझन वाजवल्यावर

बेस गिटारचा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) बदलला की आवाज किती सुधारतो, एवढंच ज्यांना विचारायचं आहे त्यांना उत्तर आधीच देतो: थोडासा, आणि तोही राउंडवाउंड (खरबरीत गुंडाळीच्या) तारांवर. ज्यांच्या जुन्या बेसचे स्क्रू गंजलेत, सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेला आधार) खाली बसतायत आणि दुरुस्त करावं की बदलावं हे ठरत नाहीये, त्यांनी पुढे वाचा.

माझा बेस म्हणजे फेंडर कंपनीचा प्रिसिजन. हेडस्टॉकवरचा (नेकच्या टोकावरचा) नंबर एस6 ने सुरू होतो आणि पिकगार्ड (बॉडीवरचं झाकण) उघडला की पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर 13776 ने सुरू होणारे आकडे दिसतात. 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 76 म्हणजे वर्ष, पुढचे दोन आकडे आठवड्याचे. पॉट त्या आठवड्यात तयार झाला, बेस त्यानंतर कधीतरी. जुना बेस घेताना कोणी ‘साठच्या दशकातला आहे’ म्हणून गळ्यात मारत असेल तर पिकगार्ड उघडून दाखवायला सांगा. पॉट कधी काळी बदललेले असू शकतात हे खरं, पण सोल्डरचे डाग पूर्वी कोणी उकलून पुन्हा दिलेत का, हेही तिथेच कळतं.

हा बेस आधी मुंबईतल्या एका हॉटेल बँडमध्ये वाजला आणि मग बरीच वर्षं समुद्राजवळच्या घरात पडून होता. लाकूड ठणठणीत. नेक सरळ. धातूचं मात्र खारट हवेने वाटोळं केलं होतं. ब्रिजवर क्रोमचं कव्हर होतं आणि त्याच्या आत तारा दाबण्यासाठी चिकटवलेला स्पंज. तो स्पंज घाम आणि दमट हवा शोषून वर्षानुवर्षं सॅडलवर टेकलेला. कव्हर काढल्यावर खाली काय असणार ते सांगायला नको.

प्रिसिजनचा मूळ ब्रिज म्हणजे फार काही नाही: वाकवलेला पत्रा, पाच लाकडी स्क्रू, चार गोल सॅडल. प्रत्येक सॅडलला उंचीसाठी दोन बारीक ग्रब स्क्रू आणि मागून इंटोनेशनचा (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवायचा) एक लांब स्क्रू, त्यावर स्प्रिंग. ग्रब स्क्रूचे आटे झिजले की तार जोरात वाजवल्यावर ते कंपनाने हळूहळू फिरतात. पहिल्या दोन गाण्यांत काही कळत नाही. मग ई ची तार तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर करकर करायला लागते, आणि पाहावं तर सॅडल एका बाजूने खाली बसलेलं. माझ्या बेसवर ई आणि ए चं हेच चाललं होतं. डी आणि जी चे ग्रब स्क्रू उलट इतके जाम की हलायला तयार नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे अमेरिकन स्क्रू इंचाच्या मापाचे. त्यांना एक सोळांश इंचाची ॲलन की लागते. घरात असते ती दीड मिलिमीटरची, आणि ती आत जाते, फिरल्यासारखीही वाटते. एक सोळांश म्हणजे साधारण 1.59 मिलिमीटर. तेवढ्या फरकात षटकोनाचे कोपरे गोल होतात आणि मग तो स्क्रू कुठल्याच कीला ऐकत नाही. जाम स्क्रूंना मी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं, मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला लावून तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा रॉकेल. डी चे दोन्ही सुटले. जी चा एक शेवटपर्यंत सुटला नाही.

नवे ग्रब स्क्रू शोधायला मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे जगातला कुठलाही नटबोल्ट मिळतो असं म्हणतात, पण गल्ल्यावर पहिला प्रश्न ‘एम किती?’, म्हणजे मेट्रिक माप कुठलं. एम3 सॅडलमध्ये लगालगा हलतो, एम4 आतच जात नाही. एका जुन्या दुकानात इंची आट्यांचा डबा निघाला, त्यातले स्टेनलेसचे उचलले. दुकानदाराने ‘कशाला लागतात?’ म्हणून विचारलं. गिटारला म्हटल्यावर त्याने पैसेही जेमतेम घेतले.

तोवर सीझन तोंडावर आला होता. गणपती ते नवरात्र आमच्या ऑर्केस्ट्राला उसंत नसते, आणि जी चं सॅडल अडकलेला बेस घेऊन स्टेजवर उभं राहणं जमणार नव्हतं. म्हणून गोटो या जपानी कंपनीचा 201 हा ब्रिज मागवला. परदेशात तो शंभर डॉलरच्या आत मिळतो. इथे कुरिअर आणि ड्यूटी धरून त्याहून बराच जास्त पडला. हा निवडायचं कारण एकच: फेंडरच्या त्याच पाच भोकांवर तो बसतो, नवीन भोक पाडावं लागत नाही. जुन्या बेसच्या बॉडीत नवं भोक पाडणं म्हणजे त्याची किंमत आपल्या हाताने उतरवणं. शिवाय याची पितळी सॅडल पट्टीतल्या खाचांमध्ये बसतात, त्यामुळे आडवी सरकत नाहीत.

बसवताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. जुन्या ब्रिजखाली एक अर्थची वायर येते, पत्रा तिच्यावर दाबला जातो एवढाच तिचा संपर्क. ती काळी पडली होती. टोक घासून लख्ख केलं, पसरवलं आणि मगच नवा ब्रिज आवळला. हे विसरलात तर ओळखायची खूण सोपी आहे: तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही, जॅकच्या धातूला लावला की होते. दुसरी अडचण उंचीची. गोटोची पट्टी मूळ पत्र्यापेक्षा जाड, त्यामुळे सॅडल अगदी खाली आणूनही ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) मला हवी त्यापेक्षा वर राहिली. नेक काढून खोबणीत मागच्या बाजूला पातळ पट्टी घालावी लागली. त्या काळात फेंडरच्याच जॅझ बेसच्या नेकला तीन बोल्ट आले, प्रिसिजनला मात्र चारच राहिले, त्यामुळे नेक परत बसवणं सरळ जातं. ट्रस रॉडचा (नेकचा वाक जुळवणाऱ्या आतल्या सळईचा) नट नेकच्या टाचेकडे असतो, तो फिरवायचा तर नेक काढावाच लागतो. दोन्ही कामं एकत्र उरकली.

आता आवाज. दोन्ही ब्रिज लावून, त्याच तारांवर, त्याच इंटरफेसमध्ये रेकॉर्ड करून ऐकलं. नव्या ब्रिजवर नोटेची सुरुवात जास्त टोकदार येते आणि ई च्या तारेवरचे खालचे सूर स्पष्ट ऐकू येतात. लांब धरलेला सूर किंचित जास्त टिकतो. जुन्यावर सुरुवातीला एक बोथट ‘धप्प’ आहे आणि मग सूर लवकर विरतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना, खरं सांगायचं तर, ते धप्पच जास्त शोभतं. फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा चढवल्या तेव्हा फरक इतका कमी झाला की आमच्या कीबोर्डवाल्याला डोळे मिटून ओळखता आला नाही. जाहिरातीत ‘सस्टेन’ म्हणून जे विकतात, त्यासाठी इतका खर्च करू नका.

ज्यासाठी करावा ते वेगळं. संपूर्ण सीझनमध्ये एकही सॅडल हललं नाही. पावसात मंडपात वाजवलं, एसी थिएटरमध्ये वाजवलं, टेम्पोत खड्डे खात बेस फिरला. इंटोनेशन जिथे लावलं तिथेच आहे. क्रोमवर डाग नाही, फक्त ग्रब स्क्रूंच्या तोंडाशी जरासा तांबूसपणा दिसायला लागलाय, तिथे महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब देतो.

ट्यूनर मात्र बदलले नाहीत. ‘सगळेच बदलून टाका, नवे हलके लावा’ असं एका दुरुस्तीवाल्याने सुचवलं होतं. उघडे गिअर बघितले की कोणालाही ते संपलेत असंच वाटतं, पण बहुतेक वेळा दात शाबूत असतात, फक्त जुनं ग्रीस वाळून त्यात धूळ भरलेली असते. रॉकेल, जुना टूथब्रश, मग थोडं ग्रीस, आणि गिअरच्या मधला स्क्रू बेताने आवळला की अर्धी ढिलाई जाते. उरलेल्या अर्ध्या ढिलाईवर उपाय बोटांत आहे: सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा, वर गेला तर उतरवून पुन्हा चढवायचा. हेडस्टॉकमधल्या दोन कड्या सैल होऊन गरगर फिरत होत्या. त्यांच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून दाबून बसवल्या. फेविक्विक ओतायचा मोह आवरा, फिनिशवर ओघळला तर डाग कायमचा. ट्यूनरचे लाकडी स्क्रू जिथे नुसतेच फिरत होते तिथे टूथपिक आणि फेविकॉल, रात्रभर वाळवून.

पॉटची खरखर काँटॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत गेली. दारं-बिजागऱ्यांना मारायचे स्प्रे त्यात मारू नका, आत चिकट थर राहतो. जॅक मात्र नवा, स्विचक्राफ्टचा. स्टेजवर केबल सुटण्यापेक्षा तो खर्च स्वस्त.

जुना ब्रिज फेकलेला नाही. जी चं सॅडल वेगळं काढून ठेवलंय, बाकीच्या तिघांना नागदेवीचे स्क्रू आणि आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब. सगळं मूळ पाच लाकडी स्क्रूंसकट एका पिशवीत, चिठ्ठी लावून, केसच्या कप्प्यात. सत्तरच्या दशकातल्या सॅडलला मध्ये एकच खाच असते, आधीच्यांना आट्यांसारख्या बारीक रेषा. त्यामुळे जोड शोधताना खाचेचं बघूनच घेणार आहे. ते मिळालं की रेकॉर्डिंगला मूळ ब्रिज आणि फ्लॅटवाउंड, पुढच्या सीझनला गोटो.

तुमचे ग्रब स्क्रू ॲलन कीने अजून फिरत असतील तर आधी स्क्रू बदलून बघा, ब्रिजची ऑर्डर मग.