टायमिंग गनच्या पाठीवरचं बटण

गॅरेजवाल्यानं मला अंधारात ठेवून फसवलं असतं, तर एवढं वाईट वाटलं नसतं. त्यानं बॉनेट उघडून, माझी मान धरल्यासारखी खाली वाकवून, झगझगीत उजेड पाडून फसवलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि डोळ्यांवर विश्वास ठेवून चौदा हजार सहाशे रुपये मोजले. जुनी, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगी यांत्रिक पॉइंटांनी पाडणारी) गाडी अजून हौसेनं वापरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नव्या गाड्यांत टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची ते, कॉम्प्युटर सांभाळतो, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

गाडी अँबॅसिडर, 1978 ची, मार्क 3. वडिलांनी 1986 साली सेकंडहँड घेतलेली. अँबॅसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 ला बंद पडला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस सुतक असल्यासारखं होतं. 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, मूळ ब्रिटिश घराण्यातलं, सोपं आणि सोशिक. गेल्या पावसाळ्यानंतर तिचं पिकअप मेलं. ॲव्हरेज दहावरून आठावर आलं. इंजिन एकसारखं चालायचं, मिसिंग नाही, धूर नाही, फक्त गाडीत जीव नाही. आमचे नेहमीचे मिस्त्री गुडघ्याच्या ऑपरेशननं घरी बसलेले. मग कुणीतरी हायवेलगतचं एक गॅरेज सांगितलं. ‘त्याच्याकडं टायमिंग लाइट आहे, अंदाजपंचे काम नाही.’ मला हे वाक्यच आवडलं.

टायमिंग लाइट, म्हणजे गॅरेजात ज्याला टायमिंग गन म्हणतात ती, पिस्तुलाच्या आकाराचा टॉर्च असतो. गनच्या दोन वायरी गाडीच्या बॅटरीला आणि एक चिमटा एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर लावायचा. एक नंबरला ठिणगी पडली की त्याच क्षणी गन चमकते. इंजिन आयडलिंगला 800 आरपीएमवर असेल, तर एक नंबरचा प्लग मिनिटाला 400 वेळा पेटतो, कारण फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांना एक ठिणगी. सेकंदाला जवळजवळ सात चमका. हा उजेड क्रँकच्या पुलीवर मारला, की गरगर फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची खाच टायमिंग कव्हरच्या दातांसमोर कुठं आहे ते वाचता येतं. आमच्या गाडीला असे तीन दात आहेत. सगळ्यात लांब तो टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर. बाकीचे दोन त्याच्या आधीचे पाच आणि दहा डिग्रीचे. (पंख्याची पातीही या उजेडात थांबल्यासारखी किंवा संथ फिरताना दिसतात. हात सांभाळा. माझ्या शर्टाची बाही जाता जाता वाचली.)

त्या मालकानं सगळं रीतसर केलं. खाच ओल्या फडक्यानं पुसली, पांढऱ्या खडूनं रंगवली, चिमटा एक नंबरच्याच वायरीवर लावला. गन रोखली आणि म्हणाला, “बघा साहेब, तुम्हीच बघा. मी बोललो तर म्हणाल, गॅरेजवाला बोलतोय.”

मी वाकून बघितलं. पांढरी रेघ टीडीसीचा दात ओलांडून बोटभर पलीकडं गेलेली. ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधी पडायला हवी. इथं पिस्टन खाली निघाल्यावर पडत होती.

“तेरा-चौदा डिग्री मागं आहे. चेन लांबलीय. चेन ढिली पडली की कॅम मागं राहतो, कॅम मागं म्हणजे डिस्ट्रिब्युटर मागं. असंच चालवलंत तर एखाद्या दिवशी चेन दात सोडणार. मग व्हॉल्व्ह, पुशरॉड, सगळंच.”

खोटं पकडता न येण्याचं कारण हेच, की यातलं इंजिनाचं शास्त्र तसं चुकीचं नव्हतं. (कॅम व्हॉल्व्ह उघडतो, डिस्ट्रिब्युटर पाळीपाळीनं प्लगांना ठिणगी वाटतो, आणि दोन्ही टायमिंग चेनच्या जोरावर फिरतात.) चेन लांबली की टायमिंग मागं जातं, हे खरंच आहे. ठिणगी उशिरा पडली की पिकअप मरतं, हेही खरं. माझ्या गाडीचं दुखणं आणि त्याची गोष्ट चपखल जुळत होती. टायमिंग इतकं मागं असतं तर इंजिन तापलं असतं, सायलेन्सरचा इंजिनाजवळचा पाइप लाल झाला असता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. जुनी चेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली, काळी, तेलकट. “पार्ट बदललाच नाही असं व्हायला नको, म्हणून ठेवलीय,” म्हणाला. पुन्हा गन लावली. रेघ जिथं हवी तिथं, हलत नव्हती. बिल साध्या चिठोऱ्यावर पेनानं लिहिलेलं: चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गॅस्केट, ऑइल सील, पॉइंट, कंडेन्सर, ‘टायमिंग लाइट ट्यूनिंग’ आणि मजुरी. पक्क्या बिलाला जीएसटी वरून लागेल म्हणाला. मी नको म्हटलं. हा माझा शहाणपणा.

आणि गाडी पळाली की! हायवेला लागताच अशी उसळली, की मी बायकोला फोन करून सांगितलं, पैसे गेले पण म्हातारी तरणी झाली.

पंधरा दिवसांनी गणपतीपुळ्याला गेलो. जाताना सगळा उतार, काही जाणवलं नाही. परतताना साखरप्याच्या पुढं आंबा घाट चढायला लागलो, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा आवाज. नॉकिंग. दुसऱ्या गिअरवर, पाय हलका ठेवून, जीव मुठीत धरून कसाबसा माथा गाठला. नॉकिंगवर तसंच रेटलं की पिस्टनला भोक पडतं, एवढं वडिलांनी शिकवलेलं होतं.

कोल्हापुरात आल्यावर आमच्या गल्लीतल्या तात्यांना गाठलं. तात्या एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत, आता फक्त मनात आलं तर स्पॅनर धरतात. चहा होईपर्यंत ते बॉनेटखाली नुसते बघत उभे राहिले. हात लावला नाही.

“रेडिएटर काढलावता म्हणाला का रं त्यो?”

“तसं काही बोलला नाही.”

“मग चेन कुठनं घातली? नाकातनं?”

अँबॅसिडरची टायमिंग चेन इंजिनाच्या पुढच्या अंगाला कव्हरच्या आत असते. कव्हर काढायला आधी पुली काढावी लागते, आणि पुली ओढायला रेडिएटर बाजूला घ्यावा लागतो. तात्यांनी होजच्या क्लिपवर टॉर्च मारला. स्क्रूच्या खाचेत गंज भरलेला, वर्षानुवर्षांचा. मग कव्हरचे बोल्ट. प्रत्येकाच्या डोक्याभोवती तेल आणि धूळ मिळून झालेली काळी खपली, कुठं चीरही नाही. पुलीच्या मोठ्या नटखालच्या वॉशरचं वाकवलेलं पान तसंच, त्यावरही तोच चिखल. सगळ्या इंजिनात एकच बोल्ट उजळ होता. डिस्ट्रिब्युटरच्या क्लँपचा. त्याच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे, चांदीसारखे ओरखडे.

“एवढाच फिरवलाय,” तात्या म्हणाले. “साडेचौदा हजाराचा बोल्ट.”

पिशवीतली चेन दाखवली तर तात्यांनी ती दोन बोटांत धरून उचलली, मेलेला उंदीर धरावा तशी. “ही एकेरी हाय. आपल्यात दुहेरी बसती. ही कुणाची हाय कुणाला ठावं.”

मग त्यांनी स्वतःची जुनी, साधी गन आणली. तिला बटण नाही, डायल नाही, नुसता घोडा. कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढली, कार्बोरेटरच्या बाजूचं तोंड बंद केलं, आयडलिंग बघितलं आणि उजेड मारला. रेघ दहाच्या दाताच्याही बरीच पुढं. म्हणजे मला गन दाखवून झाल्यावर, मी पैसे भरत असताना, त्यानं डिस्ट्रिब्युटर पुढं ढकलून क्लँप आवळला होता. टायमिंग पुढं सरकवलं की रिकामी गाडी सपाटीला उड्या मारते. घाटात ओझं पडलं की नॉकिंग.

खरा आजार सापडायला दोन मिनिटं लागली. तात्यांनी तीच नळी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं तोंडात धरली आणि ओढली. “ओढून जीभ टेकीवली की चिकटून राह्यला पायजे. ह्ये बघ, नुसता वारा येतोय.” डिस्ट्रिब्युटरला जोडलेल्या व्हॅक्यूम युनिटच्या आतला रबरी पडदा फाटलेला होता. हलक्या पायानं गाडी चालवताना हा पडदा ओढला जाऊन ठिणगी आणखी आधी पाडतो; तो फाटला की पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही जातं, आणि आयडलिंगला मात्र सगळं ठीक दिसतं. म्हणजे माझं मूळ टायमिंग पहिल्यापासून बरोबर असणार. मग त्या दिवशी पांढरी रेघ मागं कशी दिसली? मी बघितली होती ना!

हे कोडं उद्यमनगरातल्या एका मित्राच्या शेडमध्ये सुटलं. त्याच्याकडं तशीच नवी गन आहे, पाठीवर गोल बटण असलेली. बटणाभोवती शून्यापासून साठपर्यंत आकडे. ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या किती डिग्री आधी पडते ते, मोजायला ते असतं. बटण वीसवर नेलं की गन ठिणगीबरोबर चमकत नाही, पुली वीस डिग्री पुढं फिरेपर्यंत थांबते आणि मग चमकते. म्हणजे आधी पडलेली ठिणगी उजेडात उशिरा पडल्यासारखी दिसते. कामाच्या माणसाला याचा उपयोग मोठा: इंजिन रेस करून, रेघ परत टीडीसीवर येईपर्यंत बटण फिरवायचं आणि किती ॲडव्हान्स मिळतोय ते आकड्यावर वाचायचं.

मित्रानं तात्यांनी नुकतंच नीट केलेल्या माझ्या गाडीवर गन रोखली. रेघ जागेवर. मग त्याचा अंगठा किंचित हलला. गन हलली नाही, आवाज नाही, इंजिनाचा सूर बदलला नाही. पांढरी रेघ मुंगीसारखी चालत टीडीसीचा दात ओलांडून बोटभर पलीकडं जाऊन थांबली. अगदी तिथंच. अंगठा परत आला, रेघ परत आली.

मी तीनदा करून दाखवायला लावलं. तिसऱ्या वेळी मला हसू आलं, पण ते बरं नव्हतं.

तर कुणी तुमच्या गाडीचं टायमिंग गनवर दाखवत असेल, तर रेघेकडं बघायच्या आधी गनच्या पाठीकडं बघा. बटण शून्यावर आहे का, डिजिटल असेल तर पडद्यावर शून्य आहे का, हे मोठ्यानं विचारा. प्रामाणिक माणूस चिडत नाही. व्हॅक्यूमची नळी काढली का तेही बघा. चिमटा कुठल्या वायरीवर आहे तेही, पण चार सिलिंडरच्या गाडीत एक आणि चार नंबरचे पिस्टन एकदमच वर येतात, त्यामुळं चुकून चारवर लावला तरी रेघ तिथंच दिसते. त्यावरून भांडू नका. चेनचा संशय घातला तर गनवर मुळीच विसंबू नका. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पुली हातानं मागंपुढं फिरवायला सांगा. पुली हलूनही टोपीखालचा फिरणारा रोटर बराच वेळ जागचा हलत नसेल, तर ढिलाई आहे. आमच्यात ती नावापुरती निघाली. आणि कव्हर उघडलेलं असताना फोटो मागा, पार्ट पिशवीत नको. टायमिंगचा आकडा मात्र आपल्याच मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या, गॅरेजच्या भिंतीवरचा नको.

व्हॅक्यूमचं युनिट जुन्या सामानाच्या दुकानात साडेसहाशेला मिळालं. शेवटची बारीक जुळणी तात्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या खाचेरी नटानं केली, ज्याच्यावर ए (ठिणगी आधी) आणि आर (ठिणगी उशिरा) अशी अक्षरं आहेत. अकरा टिकटिक म्हणजे एक डिग्री. ते कान लावून मोजत होते, मध्ये मी बोललो तर हातानंच गप्प केलं.

गॅरेजवाल्याकडं मी एकटा गेलो नाही, तात्यांना घेऊन गेलो. आधी त्यानं ‘पोरानं काम केलंय, मी नव्हतो’ म्हणून बघितलं. तात्या म्हणाले, “मग चल, हितंच कव्हर उघडूया, नवी चेन निघाली तर दुप्पट पैसे मी देतो.” तो आत गेला आणि पाच हजार आणून टेबलावर ठेवले. बाकीचे देणार नाही, कुठं जायचं तिथं जा. ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे 1915 ला, फोन लावला तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? बिल. माझ्याकडं सही-शिक्का नसलेलं, गॅरेजचं नावही नसलेलं चिठोरं. ग्राहक आयोगाकडं जायला दोन वर्षांची मुदत असते, तोवर त्या चिठोऱ्याला जोड म्हणून ऑनलाइन भरलेल्या पैशांची नोंद आणि बोल्टांचे फोटो जमवून ठेवलेत. बघू.

आम्ही निघालो तेव्हा तो मागून हाक मारत आला. मला वाटलं, मन बदललं. म्हणाला, “साहेब, ती पिशवीतली चेन तेवढी परत द्या.”

दिली नाही.