पाटी नसलेली गिरणी: जुळे सोलापुरातल्या किराणा-दळणाच्या दुकानाचा दोन वर्षांचा अनुभव

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं दळणावरून व्हायची. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या दर आठवड्याला बदलतात, मी सकाळी साडेनऊला बाहेर पडतो ते सातला घरी, आईचे गुडघे दुखतात म्हणून ती जिना उतरत नाही, पोरगी सहावीत, आणि पीठ संपलंय हे कळणार कधी तर रात्री आठला भाकरीला बसल्यावर. त्यात आमचं सोलापूरचं पाणी. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही पण उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला एक माणूस त्यातच अडकतो. मोटार लावा, टाकी भरा, पिपं भरा, प्यायचं गाळून वेगळं ठेवा. त्या दिवशी दळण, किराणा, मेडिकल सगळं मागं पडतं आणि मग रविवारी एकदम सगळं अंगावर येतं.

असल्याच एका पाण्याच्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या गिरणीत फोन केला. दुकानाला पाटी नाहीये, कधीच नव्हती म्हणे, "कोपऱ्यावरची गिरणी" म्हणलं की आसपासच्या चार गल्ल्यांत कुणीपण सांगतं, म्हणून मी पण इथं नाव लिहीत नाही. अर्ध्या भागात किराणा, अर्ध्यात गिरणी, मागं एक छोटी खोली कांडपाची. दुकान अण्णा आणि अक्का दोघं चालवतात, हाताखाली एक पोरगा. मी म्हणलं, "अण्णा, नळ आलाय ओ, खाली उतरता येईना, दळणाचं काय करू?" ते म्हणले, "डबा दारात ठेवा की, पोरगा येतोय." अर्ध्या तासात डबा गेला, संध्याकाळी पीठ घरात. तेव्हापासून आमचं दळण आणि किराणा तिथंच आहे. दोन वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही.

आधी दळणाबद्दल लिहितो, कारण किराणा काय सगळीकडंच मिळतो पण चांगली गिरणी मिळत नाही. आम्ही मालदांडी ज्वारी खातो, मंगळवेढ्याकडची, वर्षाची एकदम भरून ठेवतो. ज्वारीचं पीठ ज्यांनी घरात केलंय त्यांना माहितीय, जास्त दिवस ठेवलं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो. विरी गेली की मग कितीपण गरम पाणी घाला, भाकरी थापताना कडंला तडकतेच आणि उचलताना मोडते. आई तर पिठात हात घातला की सांगते किती दिवसाचं आहे ते. म्हणून एकदम 15 किलो दळून ठेवणं काही कामाचं नाही, आठवड्याला चार किलोच दळायचं, आणि तिथंच तर सगळी अडचण होती कारण दर आठवड्याला गिरणीत जाणार कोण? बाजरीचं तर त्याहून अवघड, बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसात कडवट लागायला लागतं. आधीच्या ठिकाणी दोन किलोच्या खाली दळून द्यायचे नाहीत, अण्णा अर्धा किलो बाजरी पण दळून देतात, फक्त म्हणतात की दुपारी दुकान बंद व्हायच्या आत द्या म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बाजरीवर लावता येते.

हे "कशावर" लावायचं प्रकरण फार महत्त्वाचं आहे आणि बऱ्याच गिरण्यांत त्याकडं लक्षच देत नाहीत. गव्हावर ज्वारी लावली की आधीच्या दळणाचं जात्यात राहिलेलं पीठ आपल्यात येतं, भाकरीला वेगळाच चिवटपणा येतो. हरभऱ्याच्या डाळीवर गहू लावला तर चपाती पिवळसर. इथं तीन चक्क्या आहेत, एक ज्वारी-बाजरीची, एक गव्हाची, एक डाळी-भाजणीची, आणि अक्का त्यात अदलाबदल करत नाहीत, गर्दी असली तरी नाही. एकदा एक गृहस्थ घाईत होते, म्हणले गव्हाची मोकळीच आहे की, लावा तिच्यावरच. अक्का म्हणल्या, "दादा, तुम्ही जाशीला घेऊन, घरात बाई मला बोलंल." त्यांना वीस मिनिटं थांबवलं.

अजून एक गोष्ट मी स्वतः उभं राहून बघितलेली. जात्याच्या दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरखरीत केला, की पहिल्या एक-दोन दळणांत बारीक कचकच येते, दाताखाली लागते. त्या दिवशी मी डबा घेऊन सकाळी पहिलाच गेलो होतो तर अण्णांनी माझं दळण बाजूला ठेवलं आणि आधी स्वतःच्या पोत्यातली दोन-अडीच किलो हलकी ज्वारी टाकली. ते पीठ चिमटीत घेतलं, बोटांत चोळलं, मग जिभेवर ठेवून बघितलं, थुंकलं, परत मूठभर टाकली, परत बघितलं. तिसऱ्यांदा मान हलवली आणि मग माझा डबा उचलला. ते आधीचं सगळं पीठ गाईला गेलं. त्यांना कुणी विचारलं नसतं, मलापण कळलं नसतं. दुकानावर माझा विश्वास बसला तो त्या सकाळी.

पीठ परत येतं ते डब्याचं झाकण अर्धवट ठेवून, कारण गरम पीठ बंद केलं की आत घाम सुटतो, गुठळ्या होतात आणि वास लागतो. डबा जाताना वजन होतं, येताना होतं, दोन्ही आकडे चिठ्ठीवर. पाच किलोला 80-100 ग्रॅम कमी येतं, ते उडतं आणि जात्यात राहतं, तेवढं चालायचंच. काट्याला दरवर्षी शिक्का मारून घेतलेला असतो आणि ते सर्टिफिकेट काट्याच्या मागंच भिंतीला लावलंय. कुठल्यापण दुकानात गेलात तर ते बघत जा, आपला हक्क आहे तो.

दर म्हणाल तर आत्ता ज्वारी-गहू किलोला 7 रुपये. मध्यंतरी घरगुती चक्की घ्यायचं आमच्या डोक्यात आलं होतं, 18 हजाराची बघून पण आलो होतो. मग बसून हिशोब केला. आठवड्याला ज्वारी 4 आणि गहू 3, सात किलोचे 49 रुपये, वर्षाचे साधारण 2,550. म्हणजे 18 हजारात सात वर्षं दळण होतं, वर वीज, जागा आणि आवाज वेगळा. ज्यांच्या जवळपास चांगली गिरणी नाही त्यांनी जरूर घ्यावी, आम्ही नाही घेतली.

आता किराणा. मी वहीच्या पानावर यादी लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो, रात्री दहाच्या आत टाकली तर दुसऱ्या दिवशी सामान. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे अण्णा यादी वाचून फोन करतात. "शेंगदाणं कशाला पाहिजेत ओ, कुटाला का चटणीला?" चटणीला वेगळे, टपोरे, ते खमंग भाजून मागच्या खोलीत कांडून पण देतात, लसूण आणि तिखट आपलं न्यायचं. मशीनला मिक्सरसारखं पीठ होत नाही, शेंगदाण्याचं तेल सुटून चटणी लगद्यासारखी येते, जशी सोलापूरची शेंगा चटणी असायला पाहिजे तशी. उन्हाळ्यात काळं तिखट पण तिथंच कांडतात, पण तेव्हा आधी नंबर लावावा लागतो.

याआधी आम्ही सात-आठ महिने एका अ‍ॅपवरून मागवायचो. ते वाईटच आहे असं मी म्हणणार नाही, रात्री दहाला डायपर लागले तर तेच कामाला येतं, माझ्या बहिणीचं घर त्यावरच चालतं. पण आमच्या वापराला ते महागात पडलं. 40 रुपयाच्या कोथिंबीर-मिरचीला डिलिव्हरी, हाताळणी असे चार्ज लागायचे, ते वाचवायला म्हणून बिल वाढवायचं आणि नको असलेली बिस्किटं घरात. आणि सुट्टी डाळ मिळायची नाही. 2022 च्या जुलैपासून पॅकबंद, लेबलवाल्या डाळी-पिठांवर 5 टक्के जीएसटी लागतो, पोत्यातून सुट्टी घेतली की लागत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला फरक पडतो, आणि सुट्टी डाळ हातात घेऊन बघता येते हे वेगळंच.

जीएसटीवरून आठवलं. 22 सप्टेंबर 2025 ला दर कमी झाले तेव्हा अण्णांनी पुठ्ठ्यावर हातानं लिहून लावलं होतं, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू 18 वरून 5, तूप-लोणी 12 वरून 5, वह्यांवर काहीच नाही. आणि जुना छापील दर असलेल्या मालावर पण नवीन हिशोबानं पैसे घेतले, पहिल्या दिवसापासून. मी म्हणलं कपड्याच्या पावडरीचं पण कमी करा की, तर म्हणले, "त्येला 18 तसाच हाय दादा, उगंच खोटं कशाला बोलू." घरी येऊन बघितलं, बरोबर होतं.

खात्याच्या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण महिन्याचा खर्च माझ्या हातात आला तो त्या वहीमुळं. पूर्वी मी दहा-वीस रुपयाला पण स्कॅन करायचो. महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट उघडलं की सत्तर-ऐंशी एंट्र्या, समोर माणसांची नावं, 30 कुणाला दिले, 45 कशाचे, काही आठवायचं नाही. आता दुकानाची एक वही त्यांच्याकडं आणि तसलीच एक लांब वही आमच्याकडं. पोरगा सामान आणतो तेव्हा आमच्या वहीत तारीख, वस्तू, रक्कम आई लिहिते आणि तो सही करतो. महिन्याच्या 5 तारखेला दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज आणि एकच पेमेंट. बँकेत एकच एंट्री.

मागच्या वर्षी एकदा त्यांच्या वहीत आमच्या नावावर तेलाच्या दोन पिशव्या जास्तीच्या होत्या, शेजारच्या बिल्डिंगच्या. मी सांगायच्या आधीच अण्णांनी लाल पेनानं काट मारून ठेवली होती आणि मला दाखवली. लपवून नवीन पान केलं नव्हतं.

वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही बाकीचा चिल्लर खर्च लिहायला लागलो, दूध, इस्त्री, झेरॉक्स, रिक्षा, पंक्चर. पहिल्याच महिन्यात बेरीज 2,380 आली आणि त्यातले 1,100 तर पोरीचे चार्ट पेपर, प्रिंट आणि प्रोजेक्टचं सामान. अर्ध्या गोष्टी आदल्या रात्री आठवल्यामुळं जवळच्या महागड्या दुकानातून घेतलेल्या. आता शाळा सुरू व्हायच्या आधी नवी पेठेत जाऊन एकदम घेतो, महिन्याचे निदान चार-पाचशे वाचतात. वही नसती तर हे आयुष्यात कळलं नसतं.

पोरगा येता-जाता आईच्या बीपीच्या गोळ्या पण आणतो, स्ट्रिपचा फोटो मेडिकलवाल्याला पाठवला की तो काढून ठेवतो. याचे दुकान काही घेत नाही, मी पोराला वीस रुपये देतो, तो नको नको म्हणतो, तरी द्यावेत असं माझं मत आहे, एप्रिल-मेच्या 42-43 च्या उन्हात सायकलवर येतो तो.

जे आवडत नाही ते पण लिहितो. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, उन्हाळ्यात साडेचारला उघडतं. संध्याकाळी सहा ते आठ फोन अजिबात उचलत नाहीत, मेसेजच करावा लागतो. लाईट गेली की गिरणी बंद आणि इन्व्हर्टरवर ती चालत नाही, त्या दिवशी पीठ मिळेलच असं धरून चालू नका. भाजी नसते, त्यासाठी लक्ष्मी मार्केट नाहीतर हातगाडीच. गल्लीत चारचाकी वळत नाही. पिठाची धूळ बरीच उडते, दम्याचा त्रास असेल त्यांनी आत उभं राहू नये, बाहेरूनच डबा द्यावा, अण्णा-अक्का दोघं स्वतः मास्क लावत नाहीत आणि ते मला बघवत नाही, दोनदा सांगून झालंय. दिवाळीच्या भाजणीला आठ दिवस आधी दळण टाकावं लागतं. आणि उधारी ओळखीच्यांनाच, नव्या गिऱ्हाईकाला निदान दोन-तीन महिने रोख. त्यात मला काही चूक वाटत नाही, पण माहिती असावं.

गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, मात्र लक्षात ठेवा. भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता असतात, त्या दिवशी दोघं मिरवणुकीत नंदीध्वजांच्या मागं असतात आणि दुकान पूर्ण बंद. आणि भोगीलाच तर सगळ्यांना तीळ लावलेली बाजरीची भाकरी पाहिजे असते. पहिल्या वर्षी आम्हाला माहिती नव्हतं, आईनं जुन्या पिठाच्या केल्या, कडवट लागल्या, पोरीनं खाल्ल्या नाहीत. या वर्षी अण्णांनी स्वतःच दोन दिवस आधी मेसेज केला, "मावशींना विचारा बाजरी किती, उद्याच देतो." अर्धा किलो सांगितली होती, पाऊण दिली आणि पाव किलोचे पैसे लावले नाहीत.

ज्यांच्या घरी दोघं नोकरी करतात आणि म्हातारं माणूस आहे, त्यांनी आपल्या भागात असलं एखादं दुकान असलं तर एक महिना वापरून बघा, वही मात्र पहिल्या दिवसापासून दोन्हीकडं ठेवा. या दुकानात पहिल्यांदा जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, गर्दी नसते, अक्का नीट बोलतात, आणि जाड पाहिजे का बारीक हे आधीच चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका.

आमचं उद्या पाणी आहे. डबा आत्ताच दारात ठेवलाय, वर आईच्या अक्षरात चिठ्ठी, ज्वारी 4 किलो, बारीक.