रोजच्यासाठी ब्लेंडेड माल्ट: मंकी शोल्डर, नेकेड माल्ट की ग्रीन लेबल?

दिवाळीत चुलतभाऊ यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याला घरी आला होता. तो बसला की पव्वा आणतो आणि एका बैठकीत संपवतो. मी त्याच्या ग्लासात मंकी शोल्डर ही स्कॉच व्हिस्की ओतली. दोन घोट घेऊन म्हणाला, "दादा, चांगली आहे, पण एवढ्या महागाची बाटली काउन घ्याची?" गावातल्या आणखी तिघाचौघांनी मला हेच विचारलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचा घोळ सोडवू. 'ब्लेंडेड' म्हटलं की लोकांना हलका माल वाटतो. पण ब्लेंडेड स्कॉच वेगळी आणि ब्लेंडेड माल्ट स्कॉच वेगळी. माल्ट व्हिस्की म्हणजे जवाला मोड आणून, वाळवून, आंबवून तांब्याच्या भट्टीत गाळलेली. मोहाची भट्टी ज्याने पाहिली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही: खाली जाळ, वर वाफ, बाजूला गार होऊन पडणारी धार. एकाच डिस्टिलरीची असेल तर सिंगल माल्ट. दोन किंवा जास्त डिस्टिलरींच्या सिंगल माल्ट एकत्र केल्या की ब्लेंडेड माल्ट. गहू किंवा मक्यापासून उंच कॉलममध्ये काढलेली ग्रेन व्हिस्की तिच्यात थेंबभरही नसते. साध्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये ती असते आणि बहुतेक वेळा तिचाच वाटा मोठा असतो. पूर्वी ब्लेंडेड माल्टला 'व्हॅटेड' किंवा 'प्युअर माल्ट' म्हणत. 2003 मध्ये कार्डू या सिंगल माल्टच्या बाटलीवर 'प्युअर माल्ट' छापून आत दुसऱ्या डिस्टिलरींचा माल भरायला सुरुवात झाली, त्यावरून स्कॉटलंडमध्ये मोठा वाद झाला. शेवटी 2009 च्या नियमांनी 'ब्लेंडेड माल्ट' हेच नाव पक्कं केलं.

भाऊ जी पितो, तशा आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कींचा पाया उसाच्या मळीचं स्पिरिट असतो. तिची या बाटल्यांशी चवीत तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना पैशात करू.

750 मिलीच्या बंपरमध्ये 180 चे पव्वे चारच बसतात, म्हणजे भावाच्या चार बैठका. माझी बैठक 60 मिलीची, तीस-तीसचे दोन पेग, तासभर. त्या हिशोबाने माझ्या एका बाटलीत बारा बैठका निघतात. भावाला बारा बैठकांसाठी तीन बंपर लागतात. तेव्हा माझ्या एका बाटलीची किंमत त्याच्या तीन बाटल्यांसमोर मांडा. फरक उरतोच, पण काउंटरवर ऐकून छातीत धडकी भरते तेवढा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं, आणि जून 2025 मध्ये देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं, म्हणजे भावाच्या बाटलीवरचं, शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. दोन्ही बाजूंनी अंतर कमी झालं. हा हिशोब कमी पिणाऱ्याचाच आहे. बसल्या बैठकीला अर्धी बाटली लागत असेल तर ब्लेंडेड माल्ट तुमच्यासाठी नाही, परवडणारही नाही. आणि 'रोजची' म्हणजे घरात कायम असणारी बाटली, मी रोज घेत नाही.

आता तिघींची गोष्ट.

मंकी शोल्डर विल्यम ग्रँट अँड सन्सची, 2005 पासूनची, स्पेसाइड भागातल्या माल्टची. मोड आलेलं जव दिवसरात्र फावड्याने उलथवणाऱ्या कामगारांचा खांदा धरायचा, त्या दुखण्यावरून हे नाव आलं. खळ्यावर तूर उलथवलेल्या माणसाला ते नाव लगेच पटतं. चव गोडसर, मधाची, व्हॅनिलाची, आणि मागून संत्र्याच्या सालीचा वास. संत्रं सोलताना बोटांना जो तेलकट वास राहतो, तोच. धूर नाही, जळजळ कमी. चमचाभर पाणी घातलं तरी पडत नाही, सोड्यातही टिकते. एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मी हिच्यात बर्फ घालतो आणि वाईट वाटून घेत नाही.

नेकेड माल्ट, आधीची नेकेड ग्राउस, शेवटी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांमध्ये ठेवलेली. मनुका, खारीक, थोडी दालचिनी. थंडीत छान लागते, उन्हाळ्यात मला जड होते. किंमत मंकी शोल्डरच्या आसपास.

जॉनी वॉकर ग्रीन लेबल या दोघींपेक्षा महाग, पण पंधरा वर्षांची. टॅलिस्कर, लिंकवुड, क्रॅगनमोर आणि कोल ईला हे तिच्यातले मुख्य माल्ट. टॅलिस्कर आणि कोल ईला बेटांवरचे, म्हणून मागे धूर आणि मिरीचा चटका राहतो. 2012 च्या सुमारास ही बहुतेक बाजारांतून गेली होती, 2016 मध्ये परत आली. जानेवारीत शेतात हुरडा भाजताना, गोवऱ्यांचा धूर अंगावर येत असताना मी ती एकदा घेतली होती. ती संध्याकाळ अजून आठवते. पण कायमची म्हणून ठेवायला परवडत नाही.

माझा कौल मंकी शोल्डरला. बाराही महिने चालणारी तीच. तेवढंही बजेट नसेल तर ब्लेंडेड माल्टचा हट्ट सोडून टीचर्स हायलँड क्रीम घ्या. ती ब्लेंडेड स्कॉच आहे, भारतात बाटलीबंद होते म्हणून स्वस्त पडते, पण आर्डमोर माल्टचा धूर तिच्यात चांगला कळतो.

चखण्याला भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. सावजी रस्सा नंतर जेवणात घ्या. भिवापुरी मिरची जिभेवर असताना यातलं काहीही कळत नाही, पैसे वाया जातात.

खरेदीचं सांगतो. बाटली काही वेळा 700 मिलीची असते, लेबल वाचून मगच भाव लावा. आमच्याकडे नागपूरहून मागवायचा मोह होतो, पण नागपूरहून यवतमाळला या नाहीतर अमरावतीला जा, रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे दारूबंदी आहे. यवतमाळ किंवा अमरावतीच्या परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पक्कं बिल मागा. एकदा ओळखीच्या माणसाने "लग्नातली उरलेली" म्हणून स्वस्तात दिलेली बाटली मी घेतली. सील जागेवर होतं, आत भलतंच भरलेलं होतं. तेव्हापासून रिकामी बाटली मी फोडूनच टाकतो, म्हणजे ती पुन्हा कोणी भरणार नाही.

घरी आणल्यावर बाटली उभी आणि अंधारात ठेवा. मी एका मे महिन्यात अर्धी बाटली टिनाखालच्या माळ्यावर विसरलो. पाऊस लागल्यावर उघडली तर संत्र्याचा वास गेलेला, नुसतं स्पिरिट उरलेलं. आता ती मातीच्या भिंतीच्या खोलीत, धान्याच्या कोठीमागे असते, आणि अर्ध्याखाली गेली की दोन महिन्यांत संपवतो.