माळ जिवंत करण्यासाठी घेतलेली मार्गदर्शन सेवा: दोन वर्षांचा अनुभव

आमच्या वस्तीच्या सामाईक मालकीचा साधारण अकरा एकरांचा उतरता माळ आहे. त्यासाठी आम्ही निसर्ग पुनर्संचयनाची, म्हणजे हल्ली ज्याला रिवाइल्डिंग म्हणतात त्याची, मार्गदर्शन सेवा दोन वर्षं घेतली. करार गेल्या महिन्यात संपला. समितीची नोंदवही माझ्याकडे असते, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते वहीत बघून लिहिलंय. सेवा देणाऱ्यांचं नाव देत नाही. त्यांच्या एका चुकीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, आणि ती चूक या कामातल्या कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे.

सेवा घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. फक्त आधी एक ठरवा. तुम्हाला कार्यक्रमाच्या दिवशी फोटोत दिसतील अशी रोपं हवी असतील, तर ही सेवा तुमच्यासाठी नाही.

आम्ही तो मार्ग आधी करून पाहिला होता. सरळ रांगा, एकाच जातीची रोपं, प्रत्येक रोपाला काठीचा आधार. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत बहुतेक सगळी वाळली. मुलांनी घागरींनी पाणी घातलं होतं. त्यांची तोंडं बघवत नव्हती. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं माळाचा विषय काढला की बैठकीत कुणी बोलायचंच नाही.

म्हणून मार्गदर्शक ताई पहिल्या भेटीत म्हणाल्या, "एक वर्ष एकही खड्डा खणायचा नाही," तेव्हा निम्म्या लोकांना हायसं वाटलं आणि उरलेल्यांना राग आला. पैसे भरून काहीच करायचं नाही, हे पटणं सोपं नसतं. त्यांनी वाद घातला नाही. माळावर सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, एवढंच विचारलं. शेळ्या चारणारे एक काका मागे उभे होते. त्यांना आजवर एकाही बैठकीला आम्ही बोलावलं नव्हतं, हे मला इथे लिहायलाच हवं.

काका आम्हाला उतारावर घेऊन गेले. ज्याला आम्ही सगळे झुडूप म्हणत होतो, त्याच्यापाशी थांबले. म्हणाले, "खड्डे कशाला खणायचे? इथं झाड आहेच की." आम्ही विचारलं, "कुठं आहे?" त्यांनी पायानं माती बाजूला केली. खाली मांडीएवढ्या जाडीचा जुना बुंधा होता. त्यांच्या वडिलांच्या वेळी तोडलेला. दर वर्षी त्याला धुमारे फुटायचे, दर वर्षी शेळ्या खायच्या किंवा कुणीतरी कोयत्यानं सरपणाला न्यायचं. ताईंनी आम्हाला त्या बुंध्याभोवती बसवलं आणि धुमारे मोजायला लावले. सव्वीस भरले. त्यातले सरळ, जाड आणि एकमेकांपासून लांब असलेले चार ठेवले, बाकीचे बुडाशी नीट कापले, आणि ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्याही उतरवल्या. अर्धा तास लागला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकांनी असे चौपन्न बुंधे दाखवले. वहीत प्रत्येकाला क्रमांक आहे. क्रमांक एकचा सर्वांत उंच धुमारा आता माझ्या डोक्याच्या वर गेलाय, आणि त्याच्या मुळांवर शंभर घागरींचं पाणी घालावं लागलेलं नाही, कारण ती मुळं आधीपासूनच खोल गेलेली होती.

ही युक्ती ताईंची नव्हे, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये काही वर्षं रोपं लावत होते आणि ती मरत होती. १९८३ साली एकदा वाळूत गाडी चालवायची म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते खाली उतरले आणि बाजूच्या झुडपाचं पान त्यांनी नीट पाहिलं. ते झुडूप नव्हतं, तोडलेल्या झाडाचे धुमारे होते. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी हीच पद्धत धरून सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आणली. हे ऐकल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडंही शेळ्या असतीलच ना?" ताई म्हणाल्या, "आहेत, काका. पुष्कळ आहेत."

खरं काम तिथून सुरू झालं. रिवाइल्डिंग म्हटलं की लोकांना अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे आठवतात. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडले, ती हकीकत मोठीच आहे. पण अकरा एकरांत लांडगा मावत नाही. आमच्याकडे चरणारी जनावरं आहेत, पक्षी आहेत, शेणातले भुंगे आहेत, मधमाश्या आहेत. निसर्गाचं काम निसर्गाला परत करायचं तर ते यांच्याच अंगावर टाकावं लागणार. सेवा निवडताना तुमच्या जागेच्या आकाराबद्दल इतकं सरळ बोलणारा माणूस मिळाला, तर तो धरून ठेवा.

चराईवर बंदी घालायची नाही, हा ताईंचा आग्रह पहिल्या दिवसापासून होता. त्यांनी नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासेनचं उदाहरण दिलं. कुंपणाच्या आत घोडे, गुरं आणि हरणं मोकळी सोडलेली, शिकारी प्राणी नाहीत, बाहेर जायला वाट नाही. २०१७-१८च्या हिवाळ्यात तिथे तीन हजारांहून जास्त जनावरं गेली, त्यांतली बरीचशी उपासमारीचे हाल वाचवण्यासाठी गोळ्या घालून मारावी लागली. लोक कुंपणावरून गवत टाकत होते. आसपासच्या माणसांना बाजूला ठेवून निसर्ग सांभाळायला गेलं की एखादा दिवस असा येतो, असं त्या म्हणाल्या. आम्ही माळाचे तीन भाग केले. दर वर्षी एक भाग विश्रांतीला, दोन चराईला. कुठला भाग आधी, हे चारणाऱ्यांनीच ठरवलं. नियम मोडला तर पहिल्या वेळी फक्त बैठकीत सांगायचं, दुसऱ्या वेळी एक दिवस श्रमदान, असंही त्यांनीच ठरवलं. सामाईक कुरणं, पाणी, मासेमारी यांचा आयुष्यभर अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच दाखवून दिलं होतं, की वापरणारेच नियम करतात आणि वापरणारेच राखण करतात तिथे सामाईक गोष्ट टिकू शकते. दोन वर्षांत श्रमदानाची वेळ तीनदाच आली. तिन्ही नोंदी वहीत आहेत आणि तिघांनीही ते दिवस भरले.

एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण ती आम्हाला आधी कुणीच सांगितली नव्हती. गुरांना जंताचं औषध कधी देता, असं ताईंनी विचारलं. आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणात उतरतं आणि शेण खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या त्यात मरतात. भुंगे मेले की शेण मातीत जात नाही, वरच वाळून राहतं. आता औषध दिलं की ती गुरं काही दिवस माळावर जात नाहीत. या पावसाळ्यात ताज्या शेणाचा पो काडीनं उलटला, तर खाली चाळणीसारखी भोकं होती आणि प्रत्येक भोकाशी मोकळ्या मातीची छोटी ढेरी. मी तिथे उकिडवी बसून पाव तास बघत राहिले. दोन काळे भुंगे मागच्या पायांनी माती बाहेर ढकलत होते.

घाणेरीचं काम सर्वांत कष्टाचं होतं. मूळची अमेरिका खंडातली, बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेलेली, आणि आता हटता हटत नाही. आम्ही पूर्वी ती वरून तोडायचो, आणि पहिल्या पावसात ती दुप्पट यायची. ताईंनी दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत शिकवली. मातीखाली दोन-तीन बोटं, जिथून नवे फुटवे येतात त्याच्या खाली, मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात कापायचं. मग झुडूप उलटं करून ठेवायचं, फांद्या खाली आणि मूळ वर, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. माती फारशी उकरायची नाही. फळं धरायच्या आत उरकायचं. आणि सुरुवात कुठून? आमचा हात आपोआप सगळ्यात दाट जाळीकडे गेला. त्यांनी थांबवलं. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी काही दशकांपूर्वी घालून दिलेला क्रम असा की चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे जायचं. जिथे मूळच्या वनस्पती अजून तग धरून आहेत तिथली चार झुडपं आधी काढा. मोकळी झालेली जागा शेजारचं गवतच भरून काढतं. जेवढं भरून येईल तेवढंच पुढे सरका. ताकद पुरेना म्हणून हताश झालेल्या आमच्या गटाला या क्रमानं खूप धीर दिला. सरपणाचा प्रश्नही सुटला. विश्रांतीच्या भागात लाकूड तोडायचं नाही म्हटल्यावर बायकांनी विचारलं होतं, "मग चुलीत काय घालायचं?" वाळलेली घाणेरी पहिली दोन वर्षं पुरली आणि अजून पुरतेय.

आता चुकीबद्दल.

तिसऱ्या भेटीत ताईंनी पक्ष्यांना बसण्यासाठी सात खांब उभे केले, वर आडवी काठी बांधलेले. उघड्या माळावर पक्ष्याला बसायला जागा दिली की त्याच्या विष्ठेतून बिया पडतात आणि रोपं उगवतात. पद्धत चांगली आहे, जगभर वापरतात. पण हे खांब बैठकीत न विचारता, दोन दिवसांच्या भेटीत घाईनं, घाणेरी निम्मीही निघालेली नसताना लावले. पावसानंतर आम्ही तिघी खांबांखालची रोपं मोजायला गेलो. दाट हिरवं बघून आधी आनंद झाला. मग एकीनं पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. तोच उग्र वास. सातपैकी पाच खांबांखाली बहुतेक सगळी घाणेरीच होती. बुलबुल तिची काळी फळं आवडीनं खातात, हे सरपणाला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कुणी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

ताई कळवल्यावर चार दिवसांत आल्या, स्वतः ओणव्या होऊन उपटायला लागल्या, आणि "हे आधी विचारायला हवं होतं" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. याचा मला आदर आहे. पाच खांब काढले, दोन घाणेरी संपलेल्या भागात जुन्या फळझाडांच्या जवळ हलवले. पण ती रोपं काढण्यात आमच्या गटाच्या अकरा सकाळी गेल्या, आणि सेवेच्या अंतिम अहवालात या प्रकाराला "अनपेक्षित पुनरुद्भव", म्हणजे ध्यानीमनी नसताना पुन्हा उगवणं, असं म्हटलंय. हे मला मान्य नाही. मी तसं लेखी कळवलं आहे आणि दुरुस्ती मागितली आहे. त्या अकरा सकाळी कुणाच्या होत्या, हे कागदावर यायला हवं.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. अहवाल दोन महिने उशिरा आला आणि त्याची भाषा इतकी जड आहे की काकांना तो मी वाचून, सोपा करून सांगितला. आठ भेटींपैकी एकही वणव्याच्या दिवसांत नव्हती. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळा ठेवलेला पट्टा, कशी काढायची हे फोनवर विचारून आम्ही आमचं केलं. प्रत्यक्ष दाखवलं असतं तर पहिल्या वर्षी वरचा कोपरा जळला नसता असं मला वाटतं.

मोजणीचं प्रशिक्षण मात्र उत्तम. चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट, माळावर ठरवून दिलेल्या बारा जागा, आणि प्रत्येक जागी रंगवलेली खुंटी. वर्षातून दोनदा त्याच जागी चौकट ठेवायची, आत किती प्रकारची गवतं, किती रोपं, किती उघडी माती ते लिहायचं, आणि खुंटीवरून त्याच दिशेनं फोटो घ्यायचा. पाच जणांना शिकवलं, त्यांत दोन शाळकरी मुली आहेत. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. चौकट क्रमांक सातमध्ये पहिल्या मोजणीला गवताचे दोन प्रकार होते, शेवटच्या मोजणीला नऊ. तिथे झाड एकही नाही, आणि ताईंनी आम्हाला बजावून सांगितलंय की तिथे लावायचंही नाही. माळाचा तो भाग गवताचाच आहे. गवताळ जमीन म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे आमच्या लोकांना पटायला दीड वर्ष लागलं. आता तिथून टिटवी ओरडत उठली की मुलं वाट सोडून लांबून जातात.

पाचपैकी मी चार देईन. करार पुन्हा करत नाही, वर्षाला एक भेट तेवढी ठेवली आहे, तीही वणव्याच्या आधीची. तुम्ही अशी सेवा घेणार असाल तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: माळावर काहीही उभं करण्याआधी बैठक, साध्या भाषेतला अहवाल, आणि जनावरं चारणारे व सरपण आणणारे यांच्यापैकी निदान दोन जण पहिल्या पाहणीला सोबत. आमच्या शेजारच्या वस्तीनं हे तिन्ही लिहून घेतलंय. त्यांच्या पहिल्या पाहणीला ताईंनी काकांना बोलावलंय, बुंधे शोधायला, आणि त्या दिवसाचा रोज देणार आहेत.