औषध कंपनीचे गुडविल आणि अमूर्त मालमत्ता : चिपळूणच्या अभ्यासवर्गाविषयी

लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या लेखा विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी आमच्या कंपनीने एका लहान औषध कंपनीचे सर्व समभाग विकत घेतले. एकत्रित ताळेबंदाच्या नोंदींसाठी ज्या सल्लागारांची मदत घेतली, त्यांनी मूर्त मालमत्ता (इमारती, यंत्रे, माल) वजा जाता उरलेली सगळी रक्कम एकाच ओळीत गुडविल, म्हणजे लौकिकापोटी मोजलेली जादा किंमत, म्हणून दाखवली; ब्रँड, हक्क अशी अमूर्त मालमत्ता त्यातून वेगळी काढलीच नाही. लेखापरीक्षकांनी ती ओळ मान्य केली नाही, आणि ताळेबंद अंतिम होण्याच्या ऐन धावपळीत आम्हाला सगळे मूल्यांकन नव्याने करून घ्यावे लागले. त्यामुळे याच विषयावर चिपळूणमध्ये शनिवार-रविवारी अभ्यासवर्ग होणार असल्याचे कळले, तेव्हा मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने लगेच नावे नोंदवली. एरवी असे काही शिकायचे तर आम्हाला मुंबई किंवा पुणे गाठावे लागते.

वर्ग घेणाऱ्या सनदी लेखापाल मॅडम मूळच्या याच भागातल्या आहेत. त्यांनी सुरुवात व्याख्येने केली नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या बाजारपेठेत माल गेला, फर्निचर गेले, हिशेबाच्या वह्या गेल्या. तरी गाळ उपसून दुकान उघडल्यावर जुने गिऱ्हाईक त्याच पायरीवर परत आले ते कशामुळे, असा त्यांचा पहिला प्रश्न होता. खोलीतल्या बहुतेकांनी तो पूर पाहिलेला असल्याने उत्तर शोधावे लागले नाही. मग त्यांनी सांगितले की, दुकानदाराने स्वतः कमावलेला हा लौकिक त्याच्या वहीत कधीच मालमत्ता म्हणून येत नाही, कारण त्याचा खर्च वेगळा काढून विश्वासाने मोजता येत नाही. पण उद्या कोणी ते चालते दुकान मालाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे देऊन घेतले, तर त्या जास्तीच्या पैशाचा हिशेब घेणाऱ्याच्या वहीत द्यावाच लागतो. भारतीय लेखा मानकांतील (इंड एएस) अमूर्त मालमत्तेविषयीचे इंड एएस ३८ आणि व्यवसाय-खरेदीविषयीचे इंड एएस १०३ यांतील सीमारेषा इतक्या सरळपणे मांडलेली मी आजवर ऐकली नव्हती.

त्यानंतरचे अडीच तास हा या वर्गाचा गाभा होता, आणि माझ्या मते केवळ त्यासाठी शुल्क भरावे. मॅडमनी फळ्यावर एक व्यवहार मांडला. एका औषध कंपनीचे सर्व समभाग ४० कोटींना घेतले असून तिच्या निव्वळ मूर्त मालमत्तेचे रास्त मूल्य १४ कोटी आहे. आमच्या जुन्या सल्लागारांच्या पद्धतीने गेले तर गुडविल २६ कोटी. आता त्यांनी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली : ही गोष्ट कायद्याने किंवा करारान्वये मिळालेला हक्क आहे का, किंवा ती वेगळी काढून विकता येईल का? दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असले, तरी ती गुडविलमधून बाहेर काढून स्वतंत्र नोंदवली पाहिजे. अशा रीतीने नोंदणीकृत ब्रँडचे ११ कोटी, औषधांच्या नोंदण्या आणि त्यांमागच्या तांत्रिक कागदपत्रांचे ६ कोटी, आणि चालू असलेल्या दोन संशोधन प्रकल्पांचे ३ कोटी बाहेर आले. प्रशिक्षित कामगारवर्ग मात्र गुडविलमध्येच राहिला, कारण माणसे कंपनीच्या मालकीची नसतात.

इथे १४ आणि २० मिळून ३४, म्हणजे गुडविल ६ कोटी, असे आमच्यापैकी बहुतेकांनी लिहिले, आणि आम्ही सगळेच चुकलो. समभाग विकत घेतलेले असल्याने या २० कोटींना आयकराच्या हिशेबात आधारमूल्य नाही, म्हणजे ती रक्कम करात वजा मिळत नाही. म्हणून सोयीसाठी २५ टक्के दर धरला तर ५ कोटींचे स्थगित करदायित्व, म्हणजे पुढे भरावा लागणारा कर, उभे राहते, निव्वळ मालमत्ता २९ कोटींवर येते आणि गुडविल ११ कोटी ठरते. खुद्द गुडविलवर मात्र असे दायित्व काढायचे नसते, नाहीतर आकडा स्वतःभोवती फिरतच राहील. गुडविल हा मोजायचा आकडा नसून, बाकी सारे प्रामाणिकपणे मोजून झाल्यावर उरणारा आकडा आहे, हे मला या एका उदाहरणाने पुरते समजले.

चालू संशोधनाचा भाग औषध क्षेत्रातल्या माणसाला विशेष महत्त्वाचा आहे. कंपनी स्वतः संशोधन करते तेव्हा संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च थेट नफा-तोट्यात जातो, आणि विकासाच्या टप्प्यावरचा खर्च मानकात दिलेले सहाही निकष पूर्ण झाल्यानंतरच मालमत्ता होतो. औषधाला नियामक मंजुरी मिळेल की नाही, हे अनिश्चित असल्याने हा क्षण अनेकदा फार उशिरा येतो, आणि एकदा खर्ची टाकलेली रक्कम नंतर मागे फिरवता येत नाही. पण तोच अर्धवट प्रकल्प कंपनीच्या खरेदीबरोबर आला, तर तो पहिल्या दिवसापासून स्वतंत्र मालमत्ता ठरतो, कारण यशाची शक्यता किती हे त्याच्या रास्त मूल्यातच धरलेले असते. एकाच प्रयोगशाळेतल्या दोन शेजारच्या टेबलांवरच्या कामांचा हिशेब इतका वेगळा असतो, हे आमच्या संशोधन विभागाला मी अजून नीट पटवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशीचा विषय मूल्यक्षतीचा, म्हणजे वहीतली किंमत वसूल होण्याजोगी उरली नसेल तर ती कमी करण्याचा होता; त्याचे मानक इंड एएस ३६. गुडविलचे दरवर्षी हप्त्याहप्त्याने निर्लेखन करायचे, म्हणजे ते थोडे थोडे खर्ची टाकायचे, नसते. दरवर्षी त्याची कसोटी घ्यायची असते, आणि एकदा कमी केलेले गुडविल पुन्हा वाढवता येत नाही. लुपिनने २०१५ मध्ये अमेरिकेतील गॅव्हिस ही औषध कंपनी ८८ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला आणि तेथील जेनेरिक औषधांच्या किमती घसरल्यावर २०१७-१८ च्या चौथ्या तिमाहीत सुमारे १,४६४ कोटी रुपयांची मूल्यक्षती नोंदवली, हे उदाहरण त्यांनी घेतले. आपल्याकडच्या ब्रँडना धोका कुठून येतो, हेही त्यांनी नेमके दाखवले : २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ठरणारी कमाल किंमत, किंवा मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन किंवा अधिक औषधे) आलेली बंदी. अशी अधिसूचना निघाली की वर्षअखेरीची वाट न पाहता कसोटी घ्यावी लागते.

ज्याच्या पातळीवर ही कसोटी घ्यायची तो रोखप्रवाह निर्माण करणारा घटक, म्हणजे स्वतंत्रपणे पैसा मिळवणारा कंपनीचा लहानात लहान भाग, कसा ठरवायचा, यावर लोट्याच्या मंडळींनी बरीच चर्चा केली. आमच्याकडे एका इमारतीत औषधद्रव्य तयार होते आणि दुसऱ्या इमारतीत त्याच्या गोळ्या होतात. मग घटक एक की दोन? औषधद्रव्याला बाहेर सक्रिय बाजारपेठ असेल, तर ते सगळे घरातच वापरले जात असले तरी तो स्वतंत्र घटक ठरतो, हे उत्तर मला माझ्या कामात लगेच उपयोगी पडले.

उणिवा दोन आहेत, आणि त्या लहान नाहीत. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी अशा छोट्या कंपन्यांतून आले होते ज्यांना इंड एएस लागूच नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या लेखा मानकांपैकी (एएस) एएस २६ मधील, अमूर्त मालमत्तेचे आयुष्य दहा वर्षांहून जास्त नसते हे गृहीतक आणि एएस १४ नुसार विलीनीकरणातील गुडविलचे सर्वसाधारणपणे पाच वर्षांत निर्लेखन या दोन्ही गोष्टी शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकल्या गेल्या. आयकराचेही तसेच झाले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिफ्स सिक्युरिटीज प्रकरणात गुडविलवर घसारा मान्य केला आणि २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला, इतके सांगून विषय संपवला. जुन्या गुडविलच्या शिल्लक रकमेचे काय करायचे, हा माझ्या शेजारच्या गृहस्थांचा प्रश्न तसाच राहिला.

टिपणे मराठीत, स्वच्छ आणि सोडवलेल्या उदाहरणांसह आहेत. सभागृहात पंखे अपुरे होते, जेवण साधे आणि चांगले होते. औषध, रसायन किंवा मत्स्यप्रक्रिया उद्योगातल्या ज्या लेखापालांच्या कंपन्यांना इंड एएस लागू आहेत, त्यांनी या वर्गाला अवश्य जावे. छोट्या कंपन्यांतल्यांनी मात्र आयोजकांना आधी विचारून घ्यावे; जुन्या मानकांसाठी त्यांनी वेगळा अर्धा दिवस ठेवला, तर माझ्या विभागातील दोन्ही कनिष्ठ सहकाऱ्यांना मी पुढच्या वर्गाला पाठवणार आहे.