मागून गाडी धडकली, मान आखडली: कॉलर, शेक, हाताचे उपचार की व्यायाम?

सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धक्का बसला की सीटबरोबर धड पुढे जातं, डोकं क्षणभर मागे राहतं आणि मग हिसक्याने पुढे येतं. मानेला बसणारा हा मार म्हणजे व्हिपलॅश. दुखणं बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतं, आणि मग काय करायचं यावर घरात चार मतं पडतात.

उपचार निवडण्याआधी मणक्याचं हाड सुरक्षित आहे ना, हे ठरलं पाहिजे. त्यासाठी जगभर कॅनेडियन सी-स्पाइन (मानेचा कणा) नियम वापरतात. वय ६५ किंवा जास्त, हातापायांत मुंग्या, किंवा गाडी उलटणं, बाहेर फेकलं जाणं यांसारखा जबर अपघात, यांतलं एकही असेल तर आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. हा नियम साध्या मागच्या धडकेला कमी धोक्याची मानतो, पण धडक ट्रकची किंवा बसची असेल तर ती साधी धरत नाहीत. आपल्या महामार्गांवर हे विसरून चालत नाही. दुचाकीवरून उडालेल्याला तर ही सवलत नाहीच. तपासणारा शेवटी मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळते का ते पाहतो. ही चाचणी रस्त्याच्या कडेला घेण्याची नव्हे.

दुखापत किती गंभीर, याची पुढची विभागणी १९९५ च्या क्यूबेक श्रेणींप्रमाणे होते. पहिलीत फक्त दुखणं आणि ताठरपणा, दुसरीत हालचाल कमी होते आणि दाबल्यावर दुखतं, तिसरीत हाताची ताकद, संवेदना किंवा रिफ्लेक्स कमी झालेले असतात, चौथीत हाड मोडलेलं किंवा सरकलेलं. खालची तुलना पहिल्या दोन श्रेणींसाठी आहे. तिसरीत डॉक्टर सोबत हवेत, चौथी शल्यविशारदाची.

कॉलर. स्वस्त, लगेच मिळते आणि लावल्यावर बरं वाटतं. अडचण हीच आहे. दिवसभर आधार मिळालेले स्नायू सुस्तावतात, मान ताठर होते आणि कॉलर काढायची भीती बसते. मऊ कॉलरने व्हिपलॅश लवकर बरा होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. लावलीच तर एखाददुसरा दिवस, तीही थोडा वेळ.

शेक, आयएफटी (सौम्य विजेचा उपचार), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), ट्रॅक्शन (मान ताणणं). पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं, काही तास आराम. व्यायामाआधी दुखणं हलकं करायला शेक चालेल, पण नुसत्या मशीनवरची दहा सिटिंग म्हणजे पैसे आणि रिक्षाचं भाडं. ताज्या दुखापतीत ट्रॅक्शनने दुखणं भडकू शकतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यांत त्याला नकार द्यायला हरकत नाही.

हाताचे उपचार. फिजिओने हातांनी केलेली मानेच्या सांध्यांची हळुवार हालचाल व्यायामाला जोडून उपयोगी पडते, एकटी फारशी टिकत नाही. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेणं मात्र पूर्ण वर्ज्य. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं.

व्यायाम. सुरुवात अगदी छोटी: दुखण्याच्या अलीकडे थांबून मान डावीकडे-उजवीकडे वळवणं, प्रत्येक बाजूला दहा वेळा, जागेपणी दर तासाला. मग खोल स्नायूंचं काम. पाठीवर झोपून मानेखाली दाबमापकाची पिशवी, २० मिमी पाऱ्यावर फुगवलेली. हळूच 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी हलवून दाब २२, मग २४ असा ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद, दहा वेळा. बहुतेक जण इथेच चुकतात: डोकं जोरात गादीत दाबतात, श्वास रोखतात, गळ्याच्या पुढचे दोन जाड स्नायू दोऱ्यांसारखे ताठ होतात. तसं दिसलं की पायरी मोठी झाली, मागे या. घरी पिशवी नसेल तर टॉवेलची गुंडाळी चालते.

चक्कर किंवा तोल गेल्यासारखं वाटत असेल तर वेगळी तपासणी लागते. डोक्यावर लेझर लावून ९० सेंमीवरच्या भिंतीवर, डोळे मिटून मान वळवून पुन्हा मूळ बिंदूवर यायला सांगतात. सुमारे ७ सेंमीहून जास्त चूक म्हणजे ४.५ अंशांहून अधिक, आणि मग डोकं-डोळ्यांचे समन्वयाचे व्यायाम हवेत. ते न देता नुसती ताकद वाढवली तर चक्कर राहतेच.

मग किती सिटिंग? ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या चाचणीत, तीन महिन्यांहून जुनं दुखणं असलेल्या १७२ जणांत वीस सिटिंगचा कार्यक्रम अर्ध्या तासाच्या एका सल्ल्याच्या बैठकीपेक्षा लक्षणीय सरस ठरला नाही. म्हणून मोठं पॅकेज आगाऊ घेऊ नका. पहिल्या भेटीत फिजिओने मान किती अंश वळते ते मोजलं का आणि नेक डिसॅबिलिटी इंडेक्स (मानेमुळे रोजच्या कामांत किती अडथळा येतो याची प्रश्नावली, गुण जास्त म्हणजे त्रास जास्त) भरून घेतला का, ते पाहा. त्यात दहा प्रश्न आणि ५० गुण असतात, टक्के म्हणजे त्याची दुप्पट. वय पस्तिशीच्या आत आणि गुण ३२ टक्क्यांपर्यंत असतील तर सल्ला आणि घरचे व्यायाम बहुधा पुरतात. पस्तिशी उलटलेली, गुण ४० टक्क्यांवर आणि अपघाताच्या आठवणीने झोप उडालेली, सतत दचकणं सुरू असेल, तर दुखणं रेंगाळण्याची शक्यता जास्त. अशा वेळी व्यायामासोबत ताण हाताळण्याचं प्रशिक्षणही देणारा फिजिओ शोधावा.

सहा आठवड्यांनी तीच मोजमापं परत घ्यायला सांगा. गुण दहा टक्क्यांनीही उतरले नसतील, तर तेच व्यायाम पुढे रेटण्यापेक्षा निदान पुन्हा तपासायला हवं. हातातून कप निसटायला लागला, चालताना पाय अडखळू लागले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्या सहा आठवड्यांचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.